ग्रह मोजू नका, तोला

१८२० साली एखाद्या युरोपीय विद्यार्थ्याला ‘ग्रह किती?’ असे विचारले असते, तर बरोबर उत्तर होते अकरा. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, मग व्हेस्टा, जुनो, सेरेस, पॅलस आणि त्यापुढे गुरू, शनी, युरेनस. त्याच्या खापरपणजोबाने सहा सांगून पूर्ण गुण मिळवले असते. त्याच्या नातवाला आठ शिकवले गेले, नातवाच्या नातवाला नऊ, आणि आज पुन्हा आठ. या सगळ्या काळात सूर्यमालेत एकही मोठा पिंड नव्याने जन्मला नाही की नाहीसा झाला नाही. बदलत राहिला तो आपला ग्रह. मराठीत या शब्दाला ‘समज’ असाही अर्थ आहे, तो इथे नेमका लागू पडतो.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरावाने मंजूर केली आणि प्लूटो यादीतून गेला. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एकाला प्लूटोवर अन्याय झाला असे वाटते, दुसऱ्याला हा विषय कधीच संपला असे वाटते. मला दोन्ही पटत नाही. प्लूटोला आठांच्या पंगतीत न बसवण्याचा निकाल योग्य होता, पण निकालपत्राची भाषा सदोष आहे. ती दुरुस्त करण्याचे साधन आज हाताशी आहे, आणि ते साधन म्हणजे तराजू. (‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांतला फरक जाणणाऱ्यांनी शीर्षकाला एवढी सूट द्यावी.)

आधी शब्दाचा प्रवास पाहू, कारण व्याख्येचे बहुतेक वाद त्यातच मुरलेले आहेत. ‘ग्रह’ हा शब्द ‘धरणे, पकडणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आला. ग्रहण, आग्रह, पूर्वग्रह ही त्याचीच भावंडे. ग्रीकांचा शब्द ‘भटक्या’ या अर्थाचा होता. दोन्हीकडे कसोटी एकच: न हलणाऱ्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकते ते. या कसोटीने सूर्य ग्रह ठरतो, चंद्र ग्रह ठरतो, आणि पायाखालची पृथ्वी ठरत नाही. आपल्या नवग्रहांत तर राहू-केतूही आहेत, आणि ते पिंडच नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदते ते हे बिंदू. ते सुमारे १८.६ वर्षांत उलट दिशेने एक फेरी पुरी करतात आणि ग्रहणांचे गणित त्यांच्यावर बसते. गणितासाठी ज्याचे स्थान काढावे लागते तो ग्रह, असा हा हिशेब होता आणि त्याच्या जागी तो पूर्ण सुसंगत होता. त्याला आज अडाणीपणा म्हणणे म्हणजे प्रश्नच न कळणे.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ आला आणि प्रश्न बदलला. ‘काय सरकते?’ याऐवजी ‘कोण कुणाभोवती फिरते?’ असे विचारले जाऊ लागले. सूर्य यादीतून गेला, पृथ्वी आत आली. चंद्राची मात्र पंचाईत झाली. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवती चार ठिपके दिसले. केप्लरने अशा पिंडांसाठी ‘अनुचर’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला, पण तो रुळायला फार वेळ लागला. कॅसिनीने शनीचे ऱ्हिया आणि आयपेटस शोधले, तेव्हा १६७३ मध्ये त्याने ते ‘शनीभोवतीचे दोन नवे ग्रह’ म्हणूनच प्रसिद्ध केले. म्हणजे आज ज्यांना उपग्रह म्हणतो त्यांना ग्रह म्हणण्याची प्रथा जुनी आहे. ‘चंद्रही ग्रहच’ असे म्हणणारे आजचे भूशास्त्रज्ञ काही नवे खूळ काढत नाहीत.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेलला युरेनस दिसला. त्याला तो आधी धूमकेतू वाटला. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार निघाली तेव्हा कुठे ग्रह ठरला. मराठी पंचांगांनी त्या ग्रहाला शोधणाऱ्याचेच नाव देऊन ‘हर्षल’ केले. असा मान त्याला इतरत्र फारसा मिळालेला नाही. नंतर १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझीला सेरेस सापडला, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या त्या जागेत जिथे एखादा ग्रह असावा असे बऱ्याच जणांना वाटतच होते. पियाझीची निरीक्षणे थोडीच होती आणि सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. गाउसने नवी गणिती रीत वापरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. दुर्बिणीत हे सगळे ताऱ्यासारखे नुसते बिंदू दिसत, म्हणून हर्शेलने १८०२ मध्येच त्यांच्यासाठी ‘ताऱ्यासारखे’ या अर्थाचा वेगळा शब्द सुचवला. तो कुणी फारसा मनावर घेतला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८०७ नंतर जवळजवळ चाळीस वर्षे नवे काही सापडले नाही, आणि तेवढा काळ अकरा ग्रह सुखाने नांदले. १८४५ पासून रांग लागली. १८५१ पर्यंत या पट्ट्यातल्यांची संख्या पंधरावर गेली, १८६८ पर्यंत शंभरावर. प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह काढण्याची पद्धत होती, ती कोलमडली आणि वर्तुळात क्रमांक लिहायची सोय आली. सेरेसला १, पॅलसला २. ग्रहपद काढून घेण्याचा ठराव कुणी केला नाही. पंचांगे, सारण्या आणि पाठ्यपुस्तके यांनी त्यांना हळूहळू वेगळ्या पानावर नेले. शास्त्रीय लेखनात ‘छोटे ग्रह’ हा शब्द पुढेही बराच काळ चालू राहिला. विसाव्या शतकाच्या मध्याला यांतले बहुतेक पिंड मोठ्या पिंडांचे तुकडे आहेत हे स्पष्ट होत गेले, तेव्हा भूशास्त्रज्ञांच्या लेखीही ते ग्रह उरले नाहीत. हे संक्रमण नेमके कधी झाले यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. माझ्या मते तो वाद थोडा निष्फळ आहे, कारण एका शब्दाचे दोन धंद्यांत दोन वेगवेगळ्या वेळी अर्थ बदलले आणि दोन्ही तारखा खऱ्या आहेत.

प्लूटोची कथा म्हणजे तर निव्वळ वजन घटत जाण्याची कथा. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉने तो छायाचित्रांच्या तुलनेतून शोधला. शोध चालला होता युरेनस आणि नेपच्यूनच्या गतीत गडबड करणाऱ्या मोठ्या ग्रहाचा, म्हणून सापडलेला ठिपका हाच तो, असे धरले गेले. १९३१ च्या सुमाराला त्याचे वस्तुमान जवळजवळ पृथ्वीएवढे मानले होते. १९४८ मध्ये ते दशांशावर आले. १९७६ मध्ये त्याच्या पृष्ठभागावर मिथेनचा बर्फ आढळला. बर्फ उजळ असतो, म्हणजे तेवढाच प्रकाश परतवायला लहान पिंड पुरतो, आणि आकडा शंभरांशावर घसरला. १९८० मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी या आकड्यांचा आलेख काढून ‘प्लूटो १९८४ मध्ये नाहीसा होणार’ असा थट्टेचा लेखही लिहिला.

खरे वजन कळले ते २२ जून १९७८ च्या शोधामुळे. जेम्स ख्रिस्टी यांना प्लूटोच्या प्रतिमेला अधूनमधून एक फुगवटा दिसला. तो त्याचा उपग्रह होता, शेरॉन. उपग्रह सापडला की तराजू मिळतो. हा हिशेब कुणालाही घरी करता येईल. दोन पिंडांतले अंतर सुमारे १९,६०० किलोमीटर, एका फेरीला ६.३८७ दिवस. अंतर मीटरमध्ये घेऊन त्याचा घन करा, ३९.४८ ने (म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने) गुणा. फेरीचा काळ सेकंदांत घेऊन त्याचा वर्ग करा, गुरुत्वीय स्थिरांकाने गुणा आणि या गुणाकाराने आधीच्या आकड्याला भागा. उत्तर येते सुमारे १.४६ गुणिले १० चा २२ वा घात, किलोग्रॅममध्ये. ही दोघांची बेरीज. एकट्या प्लूटोचे १.३, म्हणजे पृथ्वीच्या साधारण ४५० वा भाग आणि आपल्या चंद्राच्या पाचव्या भागाहूनही कमी. ज्या गडबडीसाठी शोध सुरू झाला होता तीही खोटी निघाली. व्हॉयेजर २ यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेल्यावर नेपच्यूनचे वस्तुमान अर्ध्या टक्क्याने दुरुस्त करावे लागले आणि त्या दुरुस्तीने हिशेब जुळला.

म्हणजे प्लूटो ग्रहांच्या यादीत आला तो वजनाच्या चुकीमुळे. चूक १९७८ मध्ये उघड झाली, तरी यादी २८ वर्षे तशीच राहिली. १९९२ मध्ये डेव्हिड जेविट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे प्लूटोचा एक छोटा शेजारी सापडला, मग शेकडो सापडले. २००५ मध्ये माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी एरिस जाहीर केला. तो प्लूटोहून मोठा वाटत होता, आणि तिथून प्रकरण चिघळले.

लोक विचारतात, विज्ञानात मतदान कसले? प्रश्न बिनतोड वाटतो, पण मतदान निसर्गाबद्दल नव्हतेच. खोळंबा कार्यालयीन होता. नव्या पिंडांना नाव कुणी द्यायचे हे ठरलेले असते. मोठ्या ग्रहांसाठी एक समिती, छोट्या पिंडांसाठी दुसरी. एरिसची फाइल कुठल्या टेबलावर जायची हे ठरेना, म्हणून व्याख्या हवी होती. १६ ऑगस्ट २००६ चा पहिला मसुदा गोल आकारावर बेतलेला होता आणि त्याने सेरेस, शेरॉन व एरिस यांना आत घेऊन बारा ग्रह केले असते. आठ दिवसांत तो उलटला. २४ ऑगस्टला, हजारो सभासदांच्या संघटनेतल्या सव्वाचारशेच्या आसपास लोकांनी सभागृहात पत्रके उंचावून आजची व्याख्या मंजूर केली. प्लूटोला सप्टेंबरमध्ये १३४३४० हा क्रमांक मिळाला, एरिसला १३६१९९. वादाला कारण झालेल्या त्या पिंडाला ग्रीकांच्या कलहदेवतेचे नाव द्यायची कल्पना मात्र दाद देण्याजोगी.

व्याख्येला तीन अटी आहेत. पिंड सूर्याभोवती फिरायला हवा. स्वतःच्या गुरुत्वाने त्याचा आकार समतोल, जवळजवळ गोल झालेला हवा. आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला हवा. पहिल्या दोन पाळून तिसरी न पाळणारा तो बटुग्रह. आता एकेक अट तपासू.

पहिली अट फक्त आपल्या सूर्याचे नाव घेते. १९९२ मध्ये एका स्पंदकाभोवती (म्हणजे झपाट्याने फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या अवशेषाभोवती) आणि १९९५ मध्ये ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडलेले असताना, २००६ च्या व्याख्येत इतर तारे नाहीत. आज असे बहिर्ग्रह सहा हजारांच्या घरात आहेत. नियमाच्या शब्दावर जायचे तर यातला एकही ग्रह नाही. विश्वातल्या बहुतेक ग्रहांना वगळणारी ग्रहाची व्याख्या, एवढे एक कारण दुरुस्तीला पुरे आहे. बहिर्ग्रहांसाठी संघाची वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे, २००३ ची आणि २०१८ मध्ये सुधारलेली, आणि ती मुख्यतः वस्तुमानावर चालते. एकाच संघटनेच्या घरात एकाच शब्दाला दोन मापे.

दुसरी अट ऐकायला छान, वापरायला भयंकर. गोल म्हणजे किती गोल? शनीचा उपग्रह मिमास ३९६ किलोमीटर व्यासाचा आणि गोल आहे. नेपच्यूनचा प्रोटिअस ४२० किलोमीटरचा असून ओबडधोबड आहे. व्हेस्टा ५२५ किलोमीटरचा, तोही पुरता गोल नाही. कारण आकार एकट्या वस्तुमानावर ठरत नाही. बर्फ खडकापेक्षा लवकर वाकतो, ऊबदार पिंड थंड पिंडापेक्षा लवकर बसतो, आणि मोठी टक्कर झाली की गोलाई जाते. शिवाय व्याख्येत नुसते ‘गोल’ नाही, ‘समतोल’ आहे. आयपेटसचा फुगवटा साधारण १६ तासांच्या फिरकीला शोभेल असा आहे, पण तो आज ७९ दिवसांत एकदा फिरतो. जुना आकार गोठून राहिला आहे. बुधाचा आकारही त्याच्या आजच्या संथ फिरकीशी तंतोतंत जुळत नाही. काटेकोर वाचन केले तर बुधालाच नोटीस काढावी लागेल. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बहिर्ग्रहांचा आकार दिसतच नाही.

गंमत अशी की ही अट अनावश्यकही आहे. जो पिंड कक्षा साफ करण्याइतका जड आहे, तो गोल होण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पुढे गेलेला असतो. तिसरी अट पाळली की दुसरी आपोआप पाळली जाते.

आता तिसरी, सगळ्यात बदनाम आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा: गुरूच्या कक्षेत ट्रोजन लघुग्रह दहा हजारांहून जास्त आहेत, पृथ्वीची कक्षा ओलांडणारेही हजारो आहेत, नेपच्यूनची कक्षा खुद्द प्लूटो ओलांडतो, मग हे तरी कुठे साफ आहेत? यात ‘साफ’ या शब्दाचा झाडू असा अर्थ घेतला आहे. ट्रोजन लघुग्रह गुरूच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे, गुरूच्याच गुरुत्वाने राखलेल्या जागांत फिरतात. प्लूटो नेपच्यूनच्या तालावर चालतो. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत त्याच्या बरोबर दोन, म्हणून कक्षा ओलांडूनही टक्कर होत नाही. मालक आणि भाडेकरू एकाच वाड्यात राहतात म्हणून मालकी संशयास्पद ठरत नाही. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये सरळ भागाकार मांडला: पिंडाचे वस्तुमान भागिले त्याच्या पट्ट्यातल्या उरलेल्या सगळ्यांचे वस्तुमान. पृथ्वीचे उत्तर १७ लाख. मंगळाचे ५,१००. सेरेसचे ०.३३, प्लूटोचे ०.०७ च्या आसपास. मधली दरी पाहिली की शंका उरत नाही.

दोष तत्त्वात नाही, शब्दयोजनेत आहे. ‘साफ’ म्हणजे किती, किती काळात, हे कुठेच लिहिलेले नाही. ही उणीव झां-ल्युक मार्गो यांनी २०१५ मध्ये एका सुटसुटीत सूत्राने भरून काढली. सूर्याभोवतीच्या पिंडासाठी ते असे वापरायचे: वस्तुमान पृथ्वीच्या पटीत घ्या आणि ८०७ ने गुणा. सूर्यापासूनचे अंतर खगोलीय एककांत घ्या (पृथ्वीचे १) आणि कॅल्क्युलेटरवर १.१२५ या घाताला चढवा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ पेक्षा जास्त आले, तर सूर्यासारख्या ताऱ्याच्या सुमारे १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात तो पिंड परिसर साफ करू शकतो. पृथ्वी: ८०७. बुध: ०.०५५ गुणिले ८०७ म्हणजे ४४, भागिले ०.३४, उत्तर १३० च्या जवळ. मंगळ: ५४, आठांत सगळ्यात कमी. आता दुसरी बाजू. सेरेस ०.०४, प्लूटो ०.०२८, एरिस ०.०२. मंगळ आणि सेरेस यांच्यात हजारपटीहून जास्त अंतर आहे आणि मध्ये कुणीही नाही.

अंतर भाजकात का येते? दूरच्या कक्षेत फेऱ्या कमी होतात. सूर्यमालेच्या वयात पृथ्वीच्या साडेचारशे कोटी फेऱ्या झाल्या, प्लूटोच्या जेमतेम १.८ कोटी. गाठीभेटीच कमी, तर हुसकावणार कुणाला? यावरून निघणारा ठरलेला टोमणा असा की ‘पृथ्वीला प्लूटोच्या जागी नेली तर तीही ग्रह राहणार नाही.’ करून पाहा. ३९.५ चा १.१२५ वा घात ६२.५ येतो, ८०७ ला त्याने भागले की १३. पृथ्वी तिथेही आरामात उत्तीर्ण. थेट ३८० एककांच्या पलीकडे नेल्यावर ती नापास होईल. बुधाचे मात्र प्लूटोच्या जागी ०.७ येते, म्हणजे बुध तिथे खरोखरच नापास होतो. टोमणा चुकीच्या ग्रहावर मारला गेला, पण त्यात तथ्य आहे. पत्ता बदलला की जात बदलते, हे एखाद्या पिंडाच्या नावाला शोभत नाही.

म्हणून मला मार्गो, ब्रेट ग्लॅडमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०२४ मध्ये मांडलेली सुधारणा पटते. तिच्यात ग्रह म्हणजे एक किंवा अधिक तारे, तपकिरी बटुतारे (तारा व्हायला वजन कमी पडलेले पिंड) किंवा मृत ताऱ्यांचे अवशेष यांच्याभोवती फिरणारा पिंड. वस्तुमान १० च्या २३ व्या घाताएवढ्या किलोग्रॅमपेक्षा जास्त, आणि गुरूच्या १३ पटींपेक्षा कमी. बस. वरची मर्यादा अशासाठी की साधारण तिथून पुढे पिंडाच्या पोटात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागते आणि तो ताऱ्यांच्या बाजूला झुकतो. खालची रेघ जिथे ओढली आहे ती जागा रिकामी आहे. बुध या रेघेच्या ३.३ पट वर, एरिस सहापट खाली, आणि सूर्याभोवती फिरणारे मध्ये काहीही नाही. गर्दीतून रेघ ओढली की कुणाचा तरी हात कापला जातो. रिकाम्या मैदानातून ओढायला हरकत काय?

या मापाचा व्यावहारिक फायदा असा की दूरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाबद्दल सगळ्यात आधी हातात येणाऱ्या गोष्टींत वस्तुमान असते. ग्रह ताऱ्याला किंचित ओढतो, ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकतात. गुरू सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटरने हलवतो, पृथ्वी फक्त ९ सेंटिमीटरने. या झोक्यावरून वजन निघते. चुकाही होतात, आणि त्या कशा होतात हे माहीत आहे. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते कळले नाही, तर मिळतो तो किमान आकडा. १९८९ मध्ये एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती गुरूच्या किमान ११ पट वजनाचा पिंड सापडला आणि अनेक वर्षे तो पहिल्या बहिर्ग्रहाचा उमेदवार म्हणून मिरवला. गाइया दुर्बिणीच्या मोजमापांनी दाखवले की आपण ती कक्षा जवळजवळ वरून पाहत होतो, आणि तो पिंड म्हणजे एक छोटा तारा आहे. अशी चूक मोजून दुरुस्त करता येते. ‘साफ’ आणि ‘गोल’ या शब्दांतल्या चुका मोजताच येत नाहीत.

या सुधारणेची किंमतही सांगितली पाहिजे. समजा सूर्यापासून १०० एककांवर मंगळाएवढा पिंड सापडला. वजनाच्या कसोटीवर तो ग्रह, पण २०१५ च्या सूत्राने त्याचा आकडा ०.५ च्या आत, म्हणजे परिसर साफ करू न शकणारा. दोन कसोट्या तिथे भांडतात. मी वजनाच्या बाजूने कौल देईन, कारण वर्चस्व हे वजनाचेच फळ आहे आणि वजन पत्त्यावर अवलंबून नाही. पण ही निवड आहे, सिद्धता नव्हे. कुणी उलट कौल दिला तर त्याला वेडा म्हणता येणार नाही.

राहता राहिले भूशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे की पिंड कुणाभोवती फिरतो याच्याशी कर्तव्य नाही. तो गोल आहे, त्याच्या पोटात थर आहेत, पृष्ठभागावर घडामोडी आहेत, तर तो ग्रह. या हिशेबाने सूर्यमालेत शंभरावर ग्रह होतात. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोपासून १२,५०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा तिथे नायट्रोजनच्या बर्फाच्या नद्या, पाण्याच्या बर्फाचे डोंगर आणि धुक्याचे थर दिसले. ते पाहून या मंडळींचा उत्साह समजू शकतो. टायटनवर मिथेनची सरोवरे आहेत, युरोपाच्या पोटात समुद्र आहे. बुधापेक्षा ही जगे अभ्यासायला कितीतरी सरस. त्यांना एक समाईक नाव हवे, ही मागणी रास्त आहे. पण त्यासाठी ‘ग्रह’ हाच शब्द कशाला? मराठीला तर अडचणच नाही. भूगोल आणि खगोल या शब्दांत दडलेला ‘गोल’ नामासारखा उभा आहे. प्लूटो, टायटन, चंद्र, पृथ्वी हे सगळे गोल. त्यांतला एक ग्रह, एक बटुग्रह, दोन उपग्रह. हे नाव रचनेचे, ते नाव कक्षेचे. एकाच पिंडाला दोन्ही लागू शकतात, आणि भांडण मिटते.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ‘बटुग्रह ग्रह नाही’ या वाक्याबद्दल. इंग्रजी जगात यावरून फार गहजब झाला. बटुतारा हा ताराच असतो, मग बटुग्रह ग्रह कसा नाही? मराठी कानाला हे तितके खटकू नये. उपग्रह ग्रह नाही, लघुग्रह ग्रह नाही, हे आपण केव्हाच पचवले आहे. आपल्याकडे ‘ग्रह’ हे प्रत्यय लागलेले मूळ आहे आणि पुढचा उपसर्गच अर्थ ठरवतो. अडचण येते ती वेगळीच. फलज्योतिषातला ग्रह आणि खगोलशास्त्रातला ग्रह एकाच अक्षरांत लिहिले जातात. पहिल्यात सूर्य आहे, पृथ्वी नाही. दुसऱ्यात पृथ्वी आहे, सूर्य नाही. पाठ्यपुस्तकाने हे एका वाक्यात सांगायला हवे. ते सहसा सांगत नाही, आणि मुले दोन्ही याद्या एकमेकींत मिसळतात.

पाठ्यपुस्तकाने आणखी एक करावे. ‘ग्रह किती’ हा प्रश्न काढून टाकावा. त्या जागी पंधरा-सोळा पिंडांचा तक्ता द्यावा. रकाने चार: वस्तुमान, सूर्यापासूनचे अंतर, कुणाभोवती फिरतो, आकार गोल आहे की नाही. नावे झाकून विचारावे, यांचे गट पाडा. दहावीचा विद्यार्थी वस्तुमानाचा आलेख दहाच्या घातांच्या पट्टीवर काढेल तर बुध आणि एरिस यांच्यामधली मोकळी जागा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. कुणी आकाराने गट पाडेल, कुणी अंतराने. तिन्ही उत्तरांना गुण द्यावेत, कारणे मागावीत. प्लूटो ग्रह की नाही यावर अमेरिकेत राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आहेत. न्यू मेक्सिको २००७, इलिनॉय २००९, आणि अॅरिझोनाने तर २०२४ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत ग्रहच करून टाकले. आमदारांनी निदान तक्ता तरी पाहिला असता.

पुढची कसोटी कदाचित फार लांब नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या. तिचे दहा वर्षांचे आकाश-सर्वेक्षण नेपच्यूनपलीकडचे पिंड मोठ्या संख्येने शोधणार आहे. २०१६ पासून ज्या नवव्या ग्रहाची चर्चा आहे, पृथ्वीच्या पाच ते दहा पट वजनाचा आणि शेकडो एककांवरचा, तो असेल तर दोन्ही कसोट्यांवर सहज उतरेल. घोळ होईल तो मधल्या कुणामुळे तरी. पहिल्या आठवड्यात त्याची फक्त चमक आणि अंतर कळेल. चमकेवरून व्यास काढायचा तर पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो याचा अंदाज धरावा लागतो, आणि तिथेच गफलत होते. एरिसचा व्यास सुरुवातीला ३,००० किलोमीटरपर्यंत सांगितला गेला होता. २०१० मध्ये तो एका ताऱ्यासमोरून गेला, सावलीवरून मापले आणि निघाला २,३२६. त्याचा पृष्ठभाग कुणी धरला होता त्याहून कितीतरी उजळ होता. त्याचे वजन मात्र २००७ मध्येच पक्के झाले होते, कारण डिस्नोमिया हा त्याचा उपग्रह १६ दिवसांच्या आत एक फेरी मारतो. तेव्हा नव्या पाहुण्याच्या बातमीत व्यासाचा आकडा आणि ‘नववा ग्रह’ हे शब्द एकत्र दिसले की थांबावे. त्याला उपग्रह आहे का ते विचारावे, आणि तो सापडेपर्यंत क्रमांकावर भागवावे.